पिवळ्या उंदराची शंभर वर्षं

१९०५ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात ल्युसियाँ क्युनो नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक एका साध्या हिशेबापाशी अडले होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली नव्याने उजेडात आले होते, पण ते वाटाण्याच्या झाडांवरून काढलेले. प्राण्यांना ते लागू पडतात का, हा वाद चालू होता. क्युनोंनी १९०२ मध्ये करड्या आणि पांढऱ्या उंदरांचा संकर करून ते लागू पडतात हे दाखवून दिलं. मग त्यांनी पिवळे उंदीर हाती घेतले आणि तिथे गणित बिघडलं.

पिवळा रंग प्रभावी होता. म्हणजे आईबापांपैकी एकाकडून जरी तो आला तरी पिल्लू पिवळं दिसे. पिवळ्या नराची पिवळ्या मादीशी जोडी लावली तर मेंडेलच्या हिशेबाने दर चार पिल्लांत तीन पिवळी आणि एक वेगळ्या रंगाचं निघायला हवं होतं. क्युनोंना मिळत होती दोनास एक. शिवाय ज्याची सगळीच पिल्लं पिवळी निघतील असा एकही पिवळा उंदीर त्यांना सापडेना. पिवळ्याचं बीज पिवळ्याशी जुळतच नसावं, असा तर्क त्यांनी केला.

तर्क चुकला, पण मोजणी बरोबर होती. अमेरिकेत हार्वर्डच्या बसी इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम कॅसल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी क्लॅरेन्स लिटल यांनी तोच संकर मोठ्या संख्येने केला. पिवळ्या-पिवळ्या जोडीची वेतं नेहमीपेक्षा लहान होतात, सुमारे चौथा हिस्सा पिल्लं कमी पडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९१० मध्ये त्यांनी खुलासा केला की पिवळेपणा दोन्हीकडून आलेलं पिल्लू जन्मालाच येत नाही, ते गर्भातच मरतं. काही वर्षांनी इतरांनी गाभण माद्यांच्या गर्भाशयात ते मेलेले भ्रूण प्रत्यक्ष पाहिले. एका प्रतीने रंग देणारं आणि दोन प्रतींनी जीव घेणारं जनुक प्राण्यांत पहिल्यांदाच सापडलं होतं. सापडलं, कारण ते कातडीवर दिसत होतं. शंभर वर्षांच्या या गोष्टीत हेच पुनःपुन्हा घडतं. शरीराच्या आत खोलवर चाललेला घोळ केसांच्या रंगावर उमटतो आणि पिंजऱ्याकडे रोज बघणाऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांना तो खटकतो.

पण रंगीत उंदीर आले कुठून? रानातल्या किंवा घरातल्या उंदराचा रंग मातकट असतो. त्याचा एकेक केस भिंगाखाली पाहिला तर बुडाशी काळा, मध्ये पिवळा पट्टा, टोकाला पुन्हा काळा दिसतो. या पट्ट्यामुळे अंग धुळीत मिसळून जातं. जनुकात आपोआप होणारे बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, रानातही होतच असतात. पांढरं किंवा पिवळं पिल्लू तिथेही जन्मतं, पण घुबडाच्या नजरेतून सुटत नाही. माणसाने पिंजरा आणला आणि घुबडाला बाहेर ठेवलं. जपानमध्ये उंदीर पाळण्याचा शौक इतका पसरला होता की १७८७ मध्ये त्यावर पुस्तक छापलं गेलं आणि त्यात रंग कसे काढावेत हेही सांगितलं होतं. इंग्लंडमध्ये १८९५ साली शौकिनांनी राष्ट्रीय मंडळच काढलं आणि उंदरांची प्रदर्शनं भरू लागली. शास्त्रज्ञांच्या हाती उंदीर आला तो या शौकिनांकडून, रंगांची पेटी तयार असलेला.

अमेरिकेत हे काम एका निवृत्त शिक्षिकेने केलं. ॲबी लेथ्रोप यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी १९००च्या सुमारास गिरक्या घेणाऱ्या जपानी उंदरांच्या एका जोडीपासून सुरुवात केली. काही वर्षांत त्यांच्या फार्मवर अकरा हजारांवर उंदीर झाले. पिंजरे साफ करायला गावातली पोरं तासाला सात सेंट घेऊन येत. गिऱ्हाईक आधी शौकीन होतं, मग प्रयोगशाळा झाल्या आणि कॅसलही त्यांच्याकडूनच उंदीर घेत. लेथ्रोप नुसत्या विक्रेत्या नव्हत्या. कुठल्या घराण्यातल्या माद्यांना गाठी येतात याची त्या वहीत नोंद ठेवत. अशा गाठी दिसल्यावर त्यांनी शास्त्रज्ञांकडे विचारणा केली आणि लिओ लोब या रोगशास्त्रज्ञाबरोबर त्यांचं काम सुरू झालं. मादीचं अंडाशय काढलं तर स्तनाच्या गाठी कमी होतात, हे या दोघांनी १९१५च्या सुमारास दाखवलं. पदवीधर शास्त्रज्ञांच्या पंगतीत त्यांना जागा मिळायला मात्र पुढची बरीच दशकं जावी लागली, आणि तीही अर्धीच मिळाली असं माझं मत आहे.

लिटल यांनी १९०९ मध्ये वेगळाच उद्योग आरंभला होता. सख्ख्या भावंडांची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांची पुन्हा आपसात, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. वीस पिढ्यांनंतर सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे एक होतात. पहिल्या कुळीला त्यांनी नाव दिलं डीबीए. ती तीन इंग्रजी अक्षरं रंगाच्याच तीन उत्परिवर्तनांची आद्याक्षरं होती. रंग फिका, तपकिरी आणि केसांवर पिवळा पट्टा नसलेला. १९२१ मध्ये लेथ्रोप यांच्या फार्मवरून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून काळी सी५७ कुळी निघाली. २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच वाचला गेला तो याच काळ्या कुळीचा. रंगाचा आणखी एक रोकडा उपयोग होता. काळ्यांच्या पिंजऱ्यात तपकिरी पिल्लू दिसलं की कुणीतरी परका घुसला आहे हे प्राणिगृहातल्या नोकरालाही कळे.

इंग्लंडमध्ये आनुवंशशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन आणि त्यांची बहीण नाओमी यांनीही घरी उंदीर वाढवले. गुलाबी डोळ्यांचं जनुक आणि पांढऱ्या रंगाचं जनुक पिल्लांत सोबत उतरतात, म्हणजे ती एकाच गुणसूत्रावर शेजारी असावीत, असं त्यांच्या प्रयोगातून निघालं. सस्तन प्राण्यांतला हा पहिला पुरावा. निबंध १९१५ मध्ये छापला गेला तेव्हा हाल्डेन पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर होते आणि सहलेखक स्प्रंट त्याच युद्धात कामी आले. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

आपल्या गोष्टीला पुढे नेणारी कुळी मात्र तिसरीच आहे. १९२० मध्ये लिओनेल स्ट्राँग यांनी एक पांढरी मादी आणि डीबीए नर यांच्यापासून सी३एच काढली. या कुळीतल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होई. कारण आनुवंशिक असावं असंच सगळे धरून चालले होते. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी कर्करोगी कुळीतल्या मादीची पिल्लं जन्मताच काढून रोग नसलेल्या कुळीतल्या आईच्या अंगावर पाजली. त्यांच्यातला कर्करोग झपाट्याने कमी झाला. म्हणजे रक्ताच्या नात्याइतकंच दुधातूनही काहीतरी जात होतं. पुढे कळलं की तो विषाणू होता.

हा धागा मुंबईत परळला उचलला गेला. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. रुग्णालयात येणारा कर्करोग पाश्चात्त्य पुस्तकांतल्यासारखा नव्हता. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाचा, धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवरचा, असे इथलेच नमुने खानोलकरांनी नोंदवले. कारणं शोधायची तर प्रयोग हवेत आणि प्रयोगांना खात्रीच्या कुळीचे उंदीर हवेत, हे त्यांना ठाऊक होतं. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं.

उंदरांच्या प्रयोगांना दिशा दिली ती कमल रणदिवे यांनी. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्म, हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये कॉलेज. वडील समर्थ फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवत. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढणाऱ्या हेला या मानवी पेशी ज्यांच्याकडे वाढल्या तेच हे गाय. परतल्यावर त्यांनी परळला ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. लेथ्रोप आणि बिटनर जिथे थांबले होते तिथूनच त्यांचा विषय सुरू होत होता. उंदरीची कुळी, तिच्या शरीरातली संप्रेरकं आणि दुधातला विषाणू या तिघांचं नातं काय? एकटा कुणी दोषी नाही, तिघांची सांगड जुळली तर कर्करोग होतो, ही समज पक्की करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत रणदिवे यांचं नाव घेतात. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

उंदराच्या दुधात विषाणू, तर माणसाच्या? मुंबईतल्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त होतं. त्यांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला, त्याच्या लेखकांत परळच्या सत्यवती सिरसाट आणि पेमास्टर होते. विषाणूसारखे कण दिसले असं त्यात म्हटलं होतं. जगभर खळबळ झाली. उंदराच्या विषाणूसारखाच विषाणू बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाला कारण आहे, हे मात्र पुढे सिद्ध झालं नाही. उंदीर वाट दाखवतो, पण ती माणसापर्यंत पोचतेच असं नाही.

परळच्या प्राणिगृहातही उत्परिवर्तनं झाली. तिथल्या पांढऱ्या स्विस उंदरांतून अंगावर केसच नसलेली एक कुळी निघाली. तिच्या लांबलचक सांकेतिक नावात शेवटी ‘बा’ येतं, ते उघड्या अंगाच्या इंग्रजी शब्दावरून. रंग नव्हे, अख्खी लवच गेलेली. कातडीवर रसायन लावून बघायचं तर साध्या उंदराची लव भादरावी लागते आणि भादरताना कातडीला इजा होते. इथे तो प्रश्नच मिटला. बिडीच्या तंबाखूचा अर्क कर्करोगाच्या वाढीला पुढे रेटतो का, हे डॉ. रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी याच बोडक्या उंदरांवर तपासलं. बिडीवर अमेरिकेत कोण कशाला प्रयोग करणार? आपल्या रोगाला आपला उंदीर लागतो, तो असा.

आता पुन्हा पिवळ्याकडे. १९२७ मध्ये डॅनफोर्थ यांनी पिवळे उंदीर जात्याच लठ्ठ होतात असं नोंदवलं, पण ते का हे कळायला मार्ग नव्हता. मग १९६०च्या सुमारास अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत, त्याच कर्करोगी सी३एच घराण्यात, आपोआप एक पिवळं पिल्लू जन्मलं. मार्गारेट डिकी यांनी १९६२ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. हा पिवळा क्युनोंच्या पिवळ्यापेक्षा वेगळा होता. दोन्हीकडून आला तरी पिल्लू जगत होतं. आणि दुसरी विचित्र गोष्ट म्हणजे एकाच वेतातली, एकाच जनुकाची भावंडं एकसारखी नव्हती. एक लख्ख पिवळं, दुसरं ठिपक्यांचं, तिसरं रानउंदरासारखं तपकिरी. पिवळी लठ्ठ होत, मधुमेही होत आणि त्यांना गाठीही जास्त येत. तपकिरी सडपातळ राहत.

भावंडांची जनुकं एक आणि रंग मात्र अनेक, हे कोडं तीस वर्षं तसंच पडून राहिलं. १९९२ मध्ये रिचर्ड वॉयचिक यांच्या गटाने ते जनुक शोधून वेगळं केलं. केस उगवताना हे जनुक मोजके दिवस चालू होतं, तेवढ्यात पिवळा पट्टा उमटतो, मग बंद होतं. डिकींच्या पिवळ्या उंदरात या जनुकाच्या अलीकडे एक आगंतुक तुकडा येऊन बसला होता. जुन्या विषाणूसारखा, जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणारा. विहिरीवरच्या मोटरीचं बटण अडकून बसावं आणि एका वाफ्याला लागणारं पाणी रात्रभर सगळ्या शिवारात वाहावं, तसं या जनुकाचं प्रथिन शरीरभर सदोदित तयार होत राहिलं. केस पूर्ण पिवळे झाले. आणि तेच प्रथिन मेंदूतल्या भुकेला लगाम घालणाऱ्या केंद्राच्या आड आल्यामुळे उंदीर खात सुटला.

मग तपकिरी भावंडाचं काय? त्याच्यातही तोच आगंतुक तुकडा असतो, पण त्याच्यावर मिथिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटून त्याचं तोंड बंद झालेलं असतं. अक्षरं तीच, पण झाकलेली. हे झाकण गर्भात बसतं. त्याचा कच्चा माल आईच्या अन्नातून येतो आणि त्यात फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांचा मोठा वाटा असतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात वुल्फ आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरींच्या आहारात असे पदार्थ वाढवून पिल्लांचा रंग तपकिरीकडे झुकतो हे दाखवलं. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी पुढचा दुवा जोडला. काळ्या माद्यांना संकराच्या दोन आठवडे आधीपासून फॉलिक ॲसिड, बी-१२, कोलीन आणि बीटेन यांचा पुरवठा दिला. पिल्लं अधिक संख्येने तपकिरी निघाली आणि त्यांच्या त्या तुकड्यावर मिथिलची झाकणंही जास्त सापडली. एक लठ्ठ पिवळा आणि एक सडपातळ तपकिरी, अशा दोन भावंडांचा फोटो मग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

त्याच २००३ साली पुण्याहून एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात उंदीर नव्हते, पण प्रश्न तोच होता. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा चालवला होता. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यांच्या सोबतीला होत्या. पुण्याच्या गावातलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ हाडाने, स्नायूंनी, उंचीने कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला रोडकं, आतून लठ्ठ. मधुमेहाची तयारी पाळण्यातच सुरू झालेली.

२००८ मध्ये याज्ञिकांनी त्या मुलांचे सहा वर्षांचे निकाल मांडले. सुमारे दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. फॉलेटची कमतरता जवळजवळ कुणालाच नव्हती, कारण भाजी-आमटी रोजची आणि गोळ्याही मिळत होत्या. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होतं. पिवळ्या उंदराच्या प्रयोगात दोन्ही जीवनसत्त्वं एकदमच दिली होती. इथे गावातल्या आयांनी सुचवलं की एक भरपूर आणि दुसरं तोकडं, असं झालं तर तोलच बिघडत असावा.

इथे थोडं थांबायला हवं. पिवळ्या उंदराचा फोटो दाखवून ‘आजीने खाल्लं ते नातवाला भोवतं’ असं सरसकट सांगणारी भाषणं आणि गोळ्यांच्या जाहिराती पुष्कळ झाल्या. तो आगंतुक तुकडा उंदराच्या जनुकसंचात एका खास जागी बसला होता. २०१८ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी उंदरातले तसले इतर तुकडे चाळले, तेव्हा इतके लहरी तुकडे फार थोडे निघाले. माणसात हीच यंत्रणा जशीच्या तशी चालते असं म्हणायला आधार नाही. उंदराने शक्यता दाखवली. माणसाचं काय होतं ते माणसांच्या गावात वर्षानुवर्षं राहूनच कळतं, आणि ते काम पुण्याजवळ झालं हे आपल्या वैद्यकाचं मोठं संचित आहे. त्या पाहणीच्या वेळी पोटात असलेली ती मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांना बी-१२च्या रोजच्या छोट्या मात्रा देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हेही याच गटाने तपासायला घेतलं.

बी-१२ भाजीपाल्यात आणि धान्यात नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटणातून येतं. पण दूध निघतं तिथेही ते घरात राहतंच असं नाही. धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्यापासून भूमपर्यंतचा बालाघाटाचा पट्टा खव्यासाठी आणि कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी नावाजलेला आहे. दूध भट्टीवर जातं, आटतं आणि शहराकडे निघतं. ज्या घरात भाकरी-आमटीच मुख्य अन्न आहे, तिथे गरोदर लेकीसुनेच्या वाट्याला त्यातलं किती राहतं, हा हिशेब घरातल्यांनीच करायचा आहे. सरकारी आरोग्य केंद्रातून गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. ती गोळी मनाने बंद करू नका. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे काही जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात. पण घरात दूध-अंडी क्वचितच होत असतील, तर बी-१२ची तपासणी करायची का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.